तारेचे दुसरे टोक

सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. लातूरच्या घरी, वरच्या मजल्यावर, बहिणीला उत्तर लिहीत असताना संगणकाचे नेट बंद पडले.

बहीण देगलूरला एकटी राहते. तिला ऐकू येत नाही. म्हणून आम्ही रोज सकाळी लिहून बोलतो. त्या दिवशी तिने कळवले होते की, आमच्या धाकट्या भावाने तिला बारा वाजता हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावले आहे. शेतातला तिचा वाटा दोघा भावांच्या नावे होईल. 'दादा, तुमची इच्छा काय?' असे तिने मला विचारले होते. माहेर टिकावे म्हणून बहिणींनी अशी सही करणे हा आमच्याकडे रिवाजच मानतात. परंतु वडील गेल्यावर आम्ही दोघांनी तिला शब्द दिला होता की, ही सही तुझ्याकडे कधी मागणार नाही. 'सही करू नकोस' एवढेच मी लिहिले. ते गेले नाही.

धाकटा खाली राहतो. नेटचा राउटर त्याच्या खोलीत. तेथून एक तार जिन्याने माझ्या संगणकापर्यंत येते. काही क्षणांनी त्याची गाडी फाटकाबाहेर पडल्याचे ऐकू आले.

मी मोबाइल ठेवत नाही. खाली जाऊन भावजयीला निरोप पाठवायला सांगितले. तिचा फोन कालपासून बंद होता. टीव्हीवर मात्र नेटवरची मालिका चालू होती. पदर सावरत ती म्हणाली, "खाली तर चालू हाय, भावजी. तुमचं मशीनच थकलंय. भंगारात घाला आता."

शेजाऱ्याचा फोन मागावा, असे मनात आले. बहिणीचा क्रमांक मला पाठ नव्हता, आणि घरातली गोष्ट दारात न्यायचीही नव्हती.

माझी नोकरी नांदेडजवळ विष्णुपुरीला, प्रयोगशाळेतली यंत्रे दुरुस्त करण्यात गेली. दोष आधी आपल्याकडच्या यंत्रात शोधावा, ही तेथली शिस्त. संगणक जुना आहे. त्यावर लिनक्स ही प्रणाली मीच बसवली. आज्ञा देऊन विचारले, तेव्हा तार जोडायचे नेटवर्क कार्ड ओळखले जात होते, पण तारेतून संकेत येत नव्हता. कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, काढून पुन्हा चढवला. संगणकाचे खोके उघडून कार्ड उपसले, पुसले, परत बसवले. तारेचे माझ्याकडचे टोक कापून नवा प्लग लावला. कार्डावरचा हिरवा दिवा लागला नाही. कार्डच जळाले असावे, असे ठरवून मी अडगळीतून दुसरे काढले. त्याचाही दिवा लागला नाही. तोवर बारा वाजून गेले होते.

दोन्ही कार्डे एकाच दिवशी जळत नाहीत. मी तारेला हात लावून जिना उतरलो आणि न विचारता धाकट्याच्या खोलीत गेलो. भावजय दारात उभी राहिली. तारेचे टोक राउटरमधून काढलेले होते. ते निसटलेले नव्हते. नीट वेटोळे करून, रबर लावून पडद्यामागे ठेवले होते.

धाकटा हट्टी आहे, हे मला ठाऊक होते. एवढे करील, असे वाटले नव्हते.

टोक राउटरला जोडले. वर आलो तेव्हा दिवा लागला होता. बहिणीचा निरोप येऊन पडला होता: "दादा, तुमचं उत्तर आलं नाही. धाकटा म्हणला, दादा गप हायत म्हणजे त्यांची ना न्हाई. सही केली."

तिच्या वाट्याचा अर्धा भाग आता माझ्या नावे झाला होता. मी तो मागितला नव्हता.

मी लिहिले, "मी नाहीच म्हणत होतो. माझ्या नावे आलेले तुला परत लिहून देतो. आज येतो." ते गेल्याची खूण पाहिली आणि संगणक बंद केला.

आधार कार्ड आणि दोन धोतरे पिशवीत घातली. भावजयीने जेवायचे विचारले, नको म्हणालो. बसस्थानकावर उदगीरची गाडी लागलेली होती. पुढे देगलूरची गाडी मिळते का, हे वाहकाला विचारून घेतले आणि तिकीट काढले.