बनुबाईचं उसनं घर

तिसगावात कुणाकडे लग्न निघालं की पहिलं बोलावणं भटजीला, दुसरं आचाऱ्याला आणि तिसरं बनुबाईला. अक्षता पडल्या की भटजी मोकळा, पंगत उठली की आचारी मोकळा, आणि बनुबाईचा प्रवेश तिथून पुढे. लुगडं वर खोचून, राखेची पाटी आणि चिंचेचा गोळा पुढ्यात घेऊन ती विहिरीपाशी बसायची ती गावजेवणाचं सगळं खरकटं उरकूनच उठायची. पितळ असं घासायची, की परातीत बघून नवऱ्या मुलानं मुंडावळ्या सारख्या कराव्यात.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत भांडी घासता घासता तिनं एक लेक वाढवली आणि एक विद्या कमावली. गावातलं प्रत्येक भांडं ती ओळखायची. कुठल्या हंड्याला कुठं पोचा आहे, कुठल्या परातीचा काठ कुठं दबलाय, सगळं तिच्या बोटांना पाठ. भांड्यांवर घातलेली नावं मात्र तिला वाचता येत नसत. पण चेहरा ओळखीचा असला की नाव कोण विचारतो?

लेक मुक्ता. सतरा वर्षांची, सातवी पास, बोलायला कमी आणि बघायला पक्की. गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या मागं हिंडून ती पट्टी बांधायला शिकली होती. त्या नर्सबाईंनीच तिला नगरला नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज करायला लावला. प्रवेश मिळाला. पण वसतिगृहाचं जेवण, पांढरी पातळं, पुस्तकं हे सगळं कुठून आणायचं? नगरच्या काही बायकांनी गरीब घरच्या मुलींसाठी एक मदतनिधी काढला होता. तिथंही अर्ज गेला आणि वैशाखात उत्तर आलं. साल एकाहत्तरचं. ‘घरची परिस्थिती पाहण्यासाठी समितीच्या सभासद गुरुवारी येतील.’

मदत मिळाली तर मुक्ता जूनमध्ये नगरला. नाही मिळाली तर पावसाच्या आत तिचं लग्न उरकायला भाऊबंद टपून बसले होतेच. मुलगाही त्यांनीच बघून ठेवला होता. त्याचं वय तेवढं सांगत नव्हते.

मुक्तानं पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाली, “आई, त्यांना आपली गरिबी बघायचीय.”

“येडी का काय तू? गरिबी बघायला नगराहून कोन येतंय? ती काय कमी हाय का तिथं?” बनुबाई म्हणाली. “पायलीभर जुंधळं उसनं मागाया गेलं तरी मानसं आधी मागनाऱ्याची कनगी बघत्यात. रिकामी दिसली की म्हनत्यात, आमच्याकडं बी न्हाई. ज्याच्या घरात हाय त्यालाच लोक देत्यात.”

“पण आई...”

“तू पट्ट्या बांध. घर मी बांधते.”

आणि तिनं खरोखरच दोन दिवसांत घर उभं केलं. नऊ वर्षांत तिनं आळीत कुणाकडे काही मागितलं नव्हतं, म्हणून तिनं तोंड उघडताच आळी धावली. शेजारच्या आक्काबाईनं पितळी हंड्यांची उतरंड आणि दोन पराती दिल्या. आसाराम शिंप्यानं दुकानातली गिऱ्हाइकाची खुर्ची दिली आणि भिंतीवरचं घड्याळही काढून आणलं. ते चालत होतं, फक्त कुठल्याही वेळेला मनाला येईल तेवढे टोले द्यायचं. समोरच्या कानिफनाथनानांनी तर कमाल केली. त्यांनी स्वतःची दुभती म्हैस आणून बनुबाईच्या दारात बांधली. म्हशीला हे घर पसंत नव्हतं, पण तिला विचारलं कुणी?

नानांची बायको साळूबाई शेवटी आली. पदराखालून तिनं एक तांब्या काढला. “पावन्यांना पानी द्यायला चांगला हाय.”

बनुबाईनं तांब्या हातात घेतला आणि तिचं बोट गळ्याखालच्या पोच्यावर थांबलं. हा तांब्या साळूबाईचा नव्हता. हा आक्काबाईचा होता. दोन वर्षांपूर्वी आक्काबाईच्या पुतणीच्या लग्नात तो नाहीसा झाला होता, तिनं घर पालथं घातलं होतं, आणि तोंडानं बोलली नसली तरी भांडी घासणाऱ्या बाईकडे ती आठ दिवस वेगळ्याच नजरेनं बघत होती. बनुबाईनं एकदा साळूबाईच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा दारातल्या म्हशीकडे. मग तांब्या कोनाड्यात ठेवला, पोचा भिंतीकडे करून.

गुरुवारी सकाळी नानांनी सगळ्यांना अंगणात गोळा केलं. “आता नीट ऐका. कुनी काय बी इचारू द्या, समदं बनुबाईचं. मढीच्या नाथांची आन हाय. फुटायचं न्हाई.”

सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली. मढीचं कानिफनाथांचं देऊळ तिथून जवळच. नाथांच्या शेजारात राहून खोटी शपथ कोण घेणार? त्यामुळे ती सगळ्यांनी अगदी मनापासून घेतली.

अकराच्या एस.टी.तून समितीच्या नीलांबरीबाई उतरल्या. फिकं पातळ, चष्मा, छत्री, आणि मागं फाईल सांभाळत घामाघूम झालेला कारकून नृसिंह. बनुबाईनं त्यांना खुर्चीवर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. नीलांबरीबाईंची नजर उतरंडीवर गेली, घड्याळावर गेली. सव्वाअकरा झाले होते, घड्याळानं सात टोले दिले.

“म्हैस तुमची?”

“व्हय.”

“दूध किती देते?”

बनुबाईनं जन्मात म्हैस पिळली नव्हती. तिनं उतरंडीकडे बघितलं आणि त्यातलं सगळ्यात मोठं भांडं निवडलं. “हंडाभर.”

दारात नानांना ठसका लागला. नृसिंहानं लिहून घेतलं.

नीलांबरीबाईंनी चष्मा काढून पुसला. आवाज मऊ होता, पण त्यात पूर्णविराम होता. “बाई, तुमचं घर बघून समाधान वाटलं. एकट्या बाईनं इतकं उभं केलंत! पण आमचा निधी ज्यांच्या घरात काहीच नाही अशा मुलींसाठी आहे. पाच जागा आणि तीस अर्ज. मुक्ताला तुम्ही स्वतः सहज शिकवू शकाल. लिहा नृसिंह, नामंजूर.”

बनुबाईनं मागं वळून पाहिलं. मागच्या दाराशी मुक्ता उभी होती.

“ही म्हस माझी न्हाई!” बनुबाई ओरडली.

“आत्ताच म्हणालात ना, हंडाभर दूध देते म्हणून?”

“खोटं बोलले. म्हस नानांची, हंडे आक्काचे, खुर्ची आन् घड्याळ आसारामचं.”

“कमाल आहे,” नीलांबरीबाई म्हणाल्या. “मागच्या आठवड्यात एकांनी दोन खोल्या लपवल्या होत्या. तुम्ही तर डोळ्यांदेखत म्हशीला पोरकी करताय.”

“इचारा की नानांना! नाना, सांगा!”

नानांनी छातीवर हात ठेवला. “म्हस बनुबाईची. अगदी ल्हानपनापासनं.”

“कुणाच्या लहानपणापासून?” नृसिंहानं विचारलं.

“म्हशीच्या.”

“नाना, पाया पडते तुमच्या, खरं सांगा!”

नानांचे डोळे कौतुकानं पाणावले. बाई काय काम करतेय! “बगा, बाई, कसा सोभाव हाय. असून बी मिरवत न्हाई.”

बनुबाई आक्काबाईकडे वळली. आक्काबाई म्हणाली, “हंडे तिच्या माहेरचे. गाडीतून उतरताना मी सोता बगितलेत.” आसाराम म्हणाला, “खुर्ची तिच्या बापाची.”

“आणि घड्याळ?”

“ते बी बापाचं. मानूस येळेचा लई पक्का.”

तेवढ्यात घड्याळानं तीन टोले दिले.

नीलांबरीबाईंनी छत्री उचलली. जाण्यापूर्वी दोन घोट पाणी घ्यावं म्हणून तांब्या हातात घेतला. तांब्याचा पोचा आता दाराकडे होता, उन्हात लखलखत.

बनुबाईनं तो पाहिला. क्षणभरच. साळूबाईनं आपल्या अडचणीला तांब्या आणला होता, तिच्या नवऱ्यानं म्हैस आणून बांधली होती, आणि त्यांचंच नाव चव्हाट्यावर आणायचं? तिनं मुक्ताकडे पाहिलं. पोरगी दाराच्या चौकटीला नखानं ओरखडे काढत होती.

“आक्का,” बनुबाई म्हणाली, “बाईंच्या हातातला तांब्या जरा बग. गळ्याखाली पोचा हाय.”

आक्काबाईनं बघितलं. मान पुढं करून पुन्हा बघितलं. “बाई, त्याच्यावर काय लिवलंय हो?”

नीलांबरीबाईंनी तांब्या फिरवून वाचलं. “‘सौ. आक्काबाई हीस बंधू मच्छिंद्र याजकडून.’”

“माझ्या मच्छिंद्राचा तांब्या!” आक्काबाईनं अशी काही किंकाळी फोडली की म्हशीनं शेपूट वर केली. “दोन वर्सं घर उकरलं! ह्या बिचाऱ्या बनीवर संशेव घेतला मी! साळे, पदराखालनं तू आनलंस ते ह्येच व्हय?”

“पण मघाशी तुम्ही सगळं बनुबाईचं म्हणालात,” नृसिंह म्हणाला.

“तिचं कुठलं वो? तिच्या घरात हाय काय?”

“आन मोडली! हिनं नाथांची आन मोडली!” साळूबाई पुढं झाली. “मग माजं बी ऐका. लग्नात भांडी बदलली त्याला मी काय करू? माजी परात तवापासनं तुज्या घरात हाय, ती दिसती न्हवं समोर! उचल तुजे हंडे!”

“उचलते! आन् तू तुजी म्हस सोड, माज्या दारासमोर शेन पडलंय!”

“सोडते!”

मग जे झालं ते कुठल्याही नाटक कंपनीला जमलं नसतं. पाच मिनिटांत सगळं नेपथ्य रंगमंचावरून चालत निघून गेलं. उतरंड गेली, पराती भांडत भांडत गेल्या, म्हैस तर दावं सुटताच धावत गेली. आसारामानं घड्याळ काखेत मारलं आणि नीलांबरीबाईंपुढं अदबीनं उभा राहिला. “बाई, राग मानू नका. जरा उठता का? दुकानात गिऱ्हाईक उभं असंल.”

नीलांबरीबाई उठल्या. आक्काबाई त्यांच्या हातातल्या तांब्यावर नजर ठेवून थांबली होती. “प्या, प्या, निवांत प्या. मग द्या.”

खोलीत आता एक जातं, एक माठ, दोन वाकळा आणि मुक्ताची तीन पुस्तकं उरली. नृसिंह बसायला जागा शोधत होता. शेवटी जात्यावर बसला.

“का केलंत हे?” नीलांबरीबाईंनी विचारलं.

“बाई, नसल्याला कोन देतं वो?” बनुबाई मान खाली घालून म्हणाली. “माझं डोस्कं तेवढंच चाललं. पोरीनं सांगितलं हुतं. तिला शिक्षा करू नका.”

नीलांबरीबाई हसायला लागल्या, आधी नुसत्या ओठांनी, मग चष्मा काढावा लागेपर्यंत. “निधीसाठी देणगी मागायला जाते ना, तेव्हा मीही ठेवणीतलं पातळ नेसून, जाऊबाईंच्या पाटल्या घालून जाते. साध्या पातळात गेले की लोक म्हणतात, पुढच्या महिन्यात या. नृसिंह, तो कागद फाडा आणि नवा घ्या.”

नव्या कागदावर दोन शेजाऱ्यांचे अंगठे लागत होते. आळीत रिकाम्या दोघीच होत्या, आक्काबाई आणि साळूबाई. एकमेकींकडे पाठ करून त्या आल्या. वरचा अंगठा कुणाचा यावर पुन्हा जुंपली, तेव्हा नृसिंहानं दोन्ही अंगठे शेजारी शेजारी उठवले आणि नियमाप्रमाणे मजकूर खणखणीत वाचून दाखवला. “‘आम्ही लिहून देतो की, बनुबाई यांच्या घरी काहीएक मालमत्ता नाही.’”

“हळू की वो,” बनुबाई म्हणाली. “समद्या आळीला ऐकू गेलं.”

मंजुरीचं पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं. साळूबाई मात्र दिवाळीपर्यंत बनुबाईशी बोलली नाही, आणि तिच्या भाच्याच्या लग्नात भांडी घासायला पाथर्डीहून बाई आणली. बनुबाईनं ते मनाला लावून घेतलं नाही. घासलेल्या पराती बघून मात्र तिला राहवलं नाही, “काळ्या हायेत” असं ती चार ठिकाणी बोलली.

मुक्ताच्या जाण्याच्या दिवशी एस.टी. खचाखच भरून आली. बनुबाईनं कंडक्टरला गाठलं. “म्हाराज, पोरीला पुढची जागा द्या. नर्स हाय ती.”

कंडक्टरनं मुक्ताकडे पाहिलं. “झाली का नर्स?”

“व्हायचीय.”

“मग बसवा मागं.”

“बसंल, बसंल मागं,” बनुबाई मुक्ताची वळकटी खिडकीतून आत ढकलत म्हणाली. “येताना बसंल पुढं. तुमी असा तवा ड्युटीवर.”