उपटलेली तीनपानी रोपे

२५ नोव्हेंबर २०१२ रोजी गोड संत्र्याच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. आपली मोसंबी त्याच जातीची. गुणसूत्रांच्या नऊ जोड्यांवर कोणते जनुक कुठे बसले आहे, याचा शोध त्यानंतर सोपा झाला, असे म्हणतात. हे वाक्य ऐकले की मुखेडच्या पंचशीलाचे टाळके फिरते.

नांदेडजवळच्या एका संशोधन केंद्रात ती पीएच.डी. करते. एक बुरशी बुंध्यातून डिंक ओघळवत बागाच्या बागा वाळवते. तिला दाद न देणारे जनुक पंचशीलाला हुडकायचे होते. म्हणून तिने रंगपूर लिंबाच्या फुलांवर या बुरशीला दाद न देणाऱ्या तीनपानी संत्र्याचा पराग टेकवला. लिंबाच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन अंकुर फुटतात, पण त्यांतले बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात. आईबापांची खरी सरमिसळ एखाद्यातच. ते बापासारख्या एका देठावरच्या तीन पानांवरून ओळखू येते. जनुकांचा नकाशा बनतो तो अशाच रोपांवर. रोपवाटिकेचा शिरस्ता नेमका उलटा. कलमाला एकसारखी रोपे हवीत, म्हणून वेगळे दिसेल ते उपटायचे.

गेल्या पावसाळ्यात ती पानांचे नमुने घेऊन लातूरच्या प्रयोगशाळेत गेली. परतली तेव्हा वाफे हिरवेगार होते, एकसारखे. तीनपानी रोप औषधालाही उरले नव्हते.

“मावशी, माझी रोपं कुठायत?”

रोपवाटिकेत काम करणाऱ्या केवळाबाईने खुरपे खाली ठेवले. “सायबांनीच सांगितलं, ताई. पाहुणे येऊन राहिले, येडंवाकडं दिसंल ते काढा. मी म्हणलं, ताईनं चिठ्ठ्या लावल्यात. तर म्हणले, चिठ्ठ्याबी काढा.”

केंद्रप्रमुख शिवमूर्ती चहा पीत होते. “ती कुपोषित रोपं दाखवून पाहुण्यांसमोर आमची अब्रू काढणार होतीस काय?”

“सर, त्यांच्यावर बुरशी लावून पाहायची होती अजून. सगळं काम त्याच रोपांत होतं.”

“पानांचा डीएनए आहे ना? मग कोणतं जगलं असतं, कोणतं मेलं असतं, ते अंदाजानं भर. पदवी घे अन् मोकळी हो.”

“भरते की. शोधनिबंधावर पहिलं नाव तुमचंच लागतं. खाली ‘अंदाज सरांचा’ असंही छापू.”

कप बशीत आदळला. “लई शहाणी झालीस.”

“हाव, झाले.”

ती तडक उकिरड्याकडे निघाली. केवळाबाई मागोमाग आली. “शिव्या द्यायच्या तर मला द्या, ताई.”

“तुम्हाला कशाला? चला, हात चालवा.”

दोघींनी कुजका पाला उपसला. तळाशी ओलीत काही तीनपानी रोपांची मुळे अजून पांढरी होती. चिठ्ठ्या गेल्या होत्या. पण प्रत्येक रोपाच्या डीएनएची खूण लातुरात नोंदलेली होती. नवे पान तपासले की कोणते रोप कोणते, ते ओळखता येणार होते. दोघींनी ती पिशव्यांत लावून सावलीत ठेवली.

वार्षिक अहवालात बुरशीच्या चाचणीपुढे पंचशीलाने लिहिले: ‘झाली नाही. रोपे केंद्रप्रमुखांच्या आदेशाने उपटली गेली.’ शिवमूर्तींनी ते वाक्य खोडायला सांगितले. तिने खोडले नाही, म्हणून त्यांनी तिच्या पीएच.डी.च्या मुदतवाढीच्या अर्जावर सही केली नाही.

तिने सहीविनाच पाठवलेला अर्ज आता विद्यापीठाकडे आहे. तिथे काय ठरेल, ते ठाऊक नाही. पिशव्यांतली किती रोपे तगतील आणि तगलेली नकाशाला पुरतील का, हेही ठाऊक नाही. तिच्या रोपांत बुरशीला दाद न देणारे जनुक एक आहे की अनेक, आणि ते कोणत्या गुणसूत्रावर आहे, हे अजून कोणालाच माहीत नाही.