ठेवायला दिलेलं मंगळसूत्र

इस्राएलच्या वाळवंटातल्या आमच्या डिमोना गावात शाळेतले कंप्युटर बंद पडले की राहेलला बोलावतात. खांद्याला पिशवी, पिशवीत स्क्रूड्रायव्हर, तारा कापायची पकड आणि डब्यात दोन चपात्या. ती येते, टेबलाखाली शिरते, धूळ खाते, आणि संध्याकाळच्या बसने घरी जाते. तिच्याबद्दल गावात अजून एक वाक्य फिरतं, की नवरा जिवंत असतानाच हिनं मंगळसूत्र काढलं होतं. हे वाक्य बोलणाऱ्या बायका मला माहीत आहेत. त्यांतल्या अर्ध्यांना घरचा बल्ब बदलता येत नाही. म्हणून काय झालं ते मीच सांगते. मी तिच्या वरच्या मजल्यावर राहते, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आम्ही दोघी एकाच कापडाच्या फॅक्टरीत होतो. ती मागावर, मी घड्या घालायच्या टेबलावर. नव्वदीच्या शेवटी फॅक्टरी बंद झाली. मालकांनी यंत्रं दुसऱ्या देशात नेली, तिकडे मजुरी स्वस्त. आमच्याकडे नेण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आम्हाला इथेच ठेवलं. माझी पेन्शन जवळ आलेली, तेव्हा लिश्केनं, म्हणजे नोकऱ्या लावून देणाऱ्या सरकारी ऑफिसनं, माझा नाद सोडला. राहेल चाळिशीची. तिला खिडकीतल्या पोरीनं सांगितलं की बेरशेवाला कंप्युटर आणि नेटवर्क दुरुस्तीचा कोर्स आहे, तिथे जा. गेलीस तर भत्ता चालू, नाही गेलीस तर बंद.

आणि भत्ता बंद होऊन चालणार नव्हतं. तिचा नवरा जुडा मृत समुद्राकडच्या कारखान्यात ट्रक चालवायचा. साखरेच्या दुखण्यानं त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा गाडी येऊन त्याला बेरशेवाच्या हॉस्पिटलात न्यायची, तिथे मशीनवर रक्त धुवायचे, आणि परत आणून सोडायचे तेव्हा तो पिळलेल्या फडक्यासारखा दिसायचा. मुलगी नेटा हैफाला शिकत होती. आईच्या मराठीला हिब्रूत उत्तर द्यायची, तेही फोनवर. म्हणजे घर चालवायचं तर राहेलनं तो कोर्स पुरा करून नोकरी धरायची, दुसरी वाट नव्हती.

ती हुशार होती असं मी म्हणणार नाही. पडद्यावरचं इंग्रजी वाचताना ओठ हलायचे. वर्गात निम्मे रशियाहून आलेले, तिकडे इंजिनियर असलेले. त्यांना जे एका नजरेत समजायचं ते हिला तिसऱ्यांदा सांगावं लागायचं. पण मेलेलं मशीन का मेलं ते सापडल्याशिवाय उठायची नाही. शिकवणारा ओफिर तिशीतला, लोद गावचा, आमच्याच बेने इस्राएल जमातीतला, म्हणजे मराठी यहुद्यांतला, पण इथे जन्मलेला. राहेल त्याला मराठीत विचारायची. त्याला सगळं समजायचं, उत्तर मात्र हिब्रूत.

पहिल्याच आठवड्यात तिनं मला मनगटाचा पट्टा दाखवला. आमच्या या वाळवंटात हवा इतकी कोरडी की नुसतं खुर्चीवरून उठलं तरी बोटाला वीज चावते. ती वीज कंप्युटरच्या आतल्या भागांना मारून टाकते. म्हणून मनगटाला पट्टा बांधायचा आणि त्याची तार पेटीच्या पत्र्याला चिमटवायची.

"गळ्यात नवऱ्याची दोरी होतीच, आता मनगटात कंप्युटरची," मी म्हटलं. ती खूप हसली. तेव्हा हसायची.

ती गळ्यातली दोरी कसली ते सांगायला हवं. आमच्या आया कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून इथे आल्या तेव्हा मंगळसूत्रं गळ्यात घालून आल्या. इथल्या दुसऱ्या यहुदी बायकांना ते समजत नाही, आमच्या मुली ते घालत नाहीत. राहेलचं काळ्या मण्यांचं, दोन सोन्याच्या वाट्यांचं, जुडाच्या घरून आलेलं. लग्नापासून उतरलं नव्हतं. बाळंतपणात नर्सनं काढायला सांगितलं तर हिनं ते मुठीत धरून ठेवलं. आमच्यात मंगळसूत्र एकदाच उतरतं, आणि ते बाई स्वतःच्या हातानं उतरवत नाही. नवऱ्याला पुरून आल्यावर म्हाताऱ्या बायका उतरवतात.

कोर्सला जाताना ती ते ब्लाउजच्या आत पिनेनं अडकवून ठेवायची. जुन्या कंप्युटरच्या पेटीत पुढच्या बटणापर्यंत भिंतीतली वीज थेट येते, तिथे हात घालायचा नाही, हे ओफिरनं बजावलं होतं. तिनं हात घातला नाही. पंखा फिरतो का ते पाहायला उघड्या पेटीवर नुसती वाकली. पीन सुटली, मंगळसूत्र बाहेर आलं आणि नेमकं त्या बटणाच्या मागे टेकलं. मोठी ठिणगी उडाली, सगळ्या वर्गातली वीज गेली, आणि राहेल मागे खुर्चीवर आदळली. एक वाटी काळी पडली. मानेवर दोरीच्या जागी लाल वळ उठला.

ओफिरनं तिला पाणी दिलं. मग तो हिब्रूत, दोदा म्हणजे मावशी म्हणत, बोलला, "दोदा राहेल, माझ्या आजीच्या गळ्यात हेच आहे. हे काय आहे ते मला समजावू नका. पण उद्यापासून घालून आलात तर मी तुम्हाला वर्गात घेणार नाही. तुम्हाला काही झालं तर तुमच्या घरी जाऊन मी काय सांगू?"

त्या संध्याकाळी मी तिच्या मानेला मलम लावत होते आणि जुडा खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीत बसून बघत होता.

"कोर्स सोडते," राहेल म्हणाली.

"आणि खाशील काय? वाळू?"

"तू असा असताना मी माझ्या हातानं हे काढायचं? नाही काढणार."

"रूती, तू सांग हिला काहीतरी," जुडा मला म्हणाला.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. लोकांना वाटतं मी कशालाच भीत नाही. पण त्या दिवशी जुडाचे सुजलेले पाय, त्याचा पिवळा पडलेला चेहरा पाहून माझीही जीभ उचलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तर राहेल कपडे करून खाटेवर बसली होती, मंगळसूत्र गळ्यात, बस पकडायची काही गडबड नाही. जुडा खुर्चीतून म्हणाला, "इकडे ये. पाठ कर. केस वर धर."

ती उठून गेली, पाठ करून उभी राहिली. त्यानं मागचा आकडा सोडायला घेतला. बोटं सुजलेली, बारीक आकडा काही हाताला लागेना. शेवटी सुटला. त्यानं मंगळसूत्र आपल्या गळ्यात घातलं, आणि बनियनच्या आत सारलं.

"बघ, हे काढलं नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे ठेवायला दिलंस. माझ्या घरून आलेली वस्तू माझ्याकडे राहिली तर कोणाच्या बापाचं काय जातं? संध्याकाळी परत देतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आता मीच सवाष्ण."

मी हसले. राहेल हसली नाही, पण पिशवी उचलून निघाली.

तेव्हापासून हे रोजचं झालं. सकाळी ती त्याच्याकडे पाठ करून, मान खाली घालून, एका हातानं केस वर धरून उभी राहायची, आणि तो मागे चाचपडत बसायचा. बस चुकेल म्हणून मी दारातून ओरडायची. कितीही उशीर झाला तरी ती एकदाही 'मी काढते' म्हणाली नाही. संध्याकाळी घरात शिरली की चपला काढायच्या आधी त्याच्यापुढे जाऊन उभी. हॉस्पिटलच्या दिवशी तो ते घालूनच मशीनवर झोपायचा. तिथल्या ब्रदरनं विचारलं तर म्हणायचा, बायकोनं माझ्याशी लग्न केलंय, त्याची खूण.

आता गावाला काय दिसलं? सकाळी बसस्टॉपवर राहेलचा गळा मोकळा. शनिवारी शब्बाथला मशिदीत, आम्ही अजून सिनेगॉगला मशीदच म्हणतो, तिच्या गळ्यात मंगळसूत्र. मग कोणीतरी तिला नाव ठेवलं, शब्बाथची सवाष्ण. एका शनिवारी प्रार्थना सुटल्यावर इमॅन्युएलची आई, आमच्यातल्या म्हाताऱ्या बायकांची पुढारी, जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नवरा अंथरुणाला खिळलेला आणि ही गळा मोकळा करून रशियनांबरोबर बसते. अशानं त्याचं काय होणार?"

"तुमची सून कंप्युटर दुरुस्त करते का?" मी विचारलं.

"देवाची कृपा, तिला गरज नाही."

"मग देवाचे आभार माना आणि तोंड मिटा."

राहेलनं माझा हात ओढला. घरी आल्यावर आमच्या जिन्यात थांबून विचारलं, "रूती, त्या म्हणतात तसं होईल का गं?" मी तिला वेड्यात काढलं. मनात माझ्याही तेच होतं, आणि त्याचा मला राग आला होता.

हिवाळ्यात, कोर्सची शेवटची परीक्षा तोंडावर आली असताना, जुडा मशीनवर असताना त्याचा रक्तदाब उतरला आणि परत चढला नाही. हॉस्पिटलनं कोर्सच्या ऑफिसात फोन केला. राहेल तेव्हा उघड्या पेटीपुढे बसली होती. ओफिर आला, आणि काही बोलायच्या आधी वाकून त्यानं तिच्या मनगटाचा पट्टा सोडला. ऐकल्याबरोबर ती धडपडून उठली असती आणि तार ताणून मशीनसकट पडली असती, एवढं त्याला सुचलं. मग तो मराठीत म्हणाला, "मावशी, चला." त्याच्या तोंडून तिनं मराठी पहिल्यांदाच ऐकलं, आणि म्हणूनच तिला सगळं समजलं, असं ती मला नंतर म्हणाली.

त्यानं तिला गाडीतून नेलं. पोचेपर्यंत जुडा गेला होता. नर्सनं एक प्लास्टिकची पिशवी आणून दिली. चष्मा, घड्याळ, कवळी, टोपी, आणि काळ्या मण्यांची दोरी. नर्स गोंधळली होती. "हे बाईचं दिसतंय. तुमचंच का?"

"त्यांच्याकडे ठेवायला दिलं होतं," राहेल म्हणाली. पिशवीची गाठ तशीच ठेवून तिनं ती घरी आणली आणि कपाटात ठेवली.

दफन करून आलो. म्हाताऱ्या बायकांनी राहेलला मध्ये बसवलं. हातातल्या बांगड्या उतरवल्या. इमॅन्युएलच्या आईनं तिच्या मानेकडे हात नेला आणि तो तसाच राहिला.

"मंगळसूत्र कुठे आहे?"

नेटा कोपऱ्यात बसली होती, तिनं आईकडे पाहिलं.

"म्हणजे आधीच काढलेलं," इमॅन्युएलची आई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, मोठा करायची गरजच नव्हती. इतक्या महिन्यांचं बोलणं तिनं एका वाक्यात पुरं केलं. मी तोंड उघडणार होते, पण राहेलच बोलली.

"काढलं नाही. ठेवायला दिलं होतं. संध्याकाळी परत देणार होता. अजून दिलेलं नाही."

एक बाई रडायला लागली. इमॅन्युएलची आई मात्र रीत सोडणाऱ्यातली नाही. ती म्हणाली, असेल तिथून आणा, हिच्या गळ्यात घालू आणि काढू, म्हणजे रीत पुरी होईल.

"घालणारा तो होता," राहेल म्हणाली. "तुम्ही घालू नका."

कोणी घातलं नाही. पण त्या दिवसापासून गावाचं वाक्य पक्कं झालं, की हिच्या मंगळसूत्राची रीत झाली नाही कारण ते गळ्यात नव्हतंच, आणि म्हणून जुडा गेला. जुडाच्या किडन्या गावाच्या लक्षात राहिल्या नाहीत.

शिवाच्या, म्हणजे आमच्या सात दिवसांच्या सुतकाच्या, दिवसांत ओफिर लोदहून आला, जमिनीवर आमच्यात बसला. उठताना म्हणाला की परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे, ती चुकली तर पुढचा कोर्स कधी निघेल सांगता येत नाही, निघेल की नाही तेही. राहेलनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कोणालाच समजलं नाही. नेटा आईला हिब्रूत म्हणाली, "इमा, परीक्षेला जाऊ नकोस, हैफाला चल माझ्याबरोबर," आणि त्यालाही तिनं तशीच मान हलवली.

शिवा उठल्यावर दुसऱ्या सकाळी मी चपात्यांचा डबा घेऊन खाली गेले. ती जाणार की नाही मला माहीत नव्हतं. दार उघडंच होतं. राहेल कोट घालून तयार होती, पिशवी पायाशी. ती जुडाच्या खुर्चीकडे पाठ करून, मान खाली घालून, एका हातानं केस वर धरून उभी होती. रडत नव्हती. नुसती उभी होती, रोज उभी राहायची तशी.

बस चुकेल म्हणून ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही. डबा ठेवला, तिच्या मागे जाऊन उभी राहिले. मानेवर त्या वळाची खूण अजून होती. त्या जागी मी बोटं ठेवली आणि आकडा सापडत नाही असं करत राहिले, जुडा जितका वेळ घ्यायचा तितका वेळ.

"सुटला," मी म्हटलं.

तिनं केस खाली सोडले, पिशवी उचलली, आणि आम्ही बसला गेलो.