मिशिगनचा निकाल

ही गोष्ट मी अकरा वर्षं कुणालाही सांगितली नाही. सहा आठवड्यांपूर्वी मिशिगनमधल्या ट्रॉयहून अरविंदच्या मुलीचा, नेहाचा फोन आला, "काका, बाबा गेले," आणि मला सर्वांत आधी आठवलं ते त्याच्या बेसमेंटमधलं टेबल आणि त्यावरचे चार फासे.

अरविंद माझा जुना मित्र, गाड्यांच्या कंपनीतला इंजिनिअर. दर रविवारी दुपारी मी ॲन आर्बरहून ड्राइव्ह करून त्याच्याकडे जायचो. खेळ त्याचाच. शंभर वर्षांपूर्वीचा एक निवडणूक निकाल उलटा फिरवायचा आणि तिथून पुढची अमेरिका आपण चालवायची. उमेदवार आम्ही घडवायचो, भाषणं ठोकायचो, मग एकेका राज्यासाठी दोघांनी दोन-दोन फासे टाकायचे, ज्याची बेरीज जास्त त्याचं राज्य. निकाल वहीत शाईने लिहायचा, खोडायचा नाही. काय मजा यायची! आमच्या अमेरिकेची राजधानी डेट्रॉइटला हलली होती, खेडोपाडी रेल्वे धावत होती, आणि एका राष्ट्राध्यक्षाने शपथविधीला भाषण सोडून पायऱ्यांवरचा बर्फ साफ केला होता. "यार, हा माझा माणूस," म्हणून अरविंद टेबल बडवायचा.

वहिनी गेल्यावर दोन महिने खेळ बंद होता. मग एका रविवारी त्याने नवी उमेदवार आणली. मार्था ब्रूक, स्कूल बस चालवणारी, फटकळ. "भाषण आवरा, पोरं खोळंबलीत," हे तिचं पेटंट वाक्य. माझा उमेदवार कर्नल हॅडली. लागोपाठ तीन निवडणुका मी हरलो होतो आणि अरविंद चिडवत होता, "वसंता, तुझ्या कर्नलला पेन्शनीत काढ."

शेवटी दोघं बरोबरीत आले, फक्त मिशिगन उरलं. त्याने टाकले, नऊ. तेवढ्यात वर कुकरची शिट्टी झाली. "तू टाक, मी खिचडी बघून येतो."

पाच आणि दोन पडले. सात. जिन्यावर पावलं वाजली... आणि मी एका बोटाने दोनचा सहा केला.

त्याने फासे पाहिले. मग वहीत मिशिगन कर्नलच्या नावावर लिहिलं आणि नियमाप्रमाणे पराभवाचं भाषण करायला वॉशिंग मशीनशेजारी उभा राहिला. "लोकांनी कौल दिलाय, तो मानायचा. चला, पोरं खोळंबलीत." त्याचा आवाज कापत होता. मी टाळ्या वाजवल्या.

पुढे मार्था प्रत्येक निवडणुकीला उभी राहिली आणि पडली. तो हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा मी खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. म्हणालो, "अरविंद, ते मिशिगन..." त्याचे डोळे चमकले. "या वेळी घेतेच ती. बघशील तू." मी म्हणालो, "बघतो की."

अंत्यसंस्कारानंतर नेहाने वही माझ्या हातात दिली. "काका, मार्था वॉज आई. यू न्यू दॅट, राइट?"

मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं मी वहिनींच्या हातचं जेवलो, "गप्पा आवरा, पानं वाढलीत" ऐकत राहिलो, तरी ओळखलं नाही.

वही आता माझ्या टेबलावर आहे, त्याच पानावर उघडी. खोडायचं नाही हा नियम आहे, म्हणून समासात शाईने लिहिलं आहे: पाच आणि दोन, सात. मिशिगन मार्थाचं. त्याखाली एक ओळ रिकामी आहे. दर रविवारी दुपारी पेन उघडतो, "अरविंद, वहिनी, मला..." इथपर्यंत मनात येतं, आणि पेन तसंच हातात राहतं.