शून्य आलेली द्राक्षं

द्राक्षांच्या हंगामातली दुपार होती. दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाउसमधून सुपरवायझरांचा फोन आला. निर्यातीच्या मालाचं त्यांचं सॉफ्टवेअर आमच्या ऑफिसने केलेलं. आमच्या टीमच्या ताईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, लॅबचा रिपोर्ट माझ्या हातात हाय. औषधाचा अंश शून्य! आन तुमचा कॉम्प्युटर म्हणतो, तपासणीच झाली नाय. औषध जपून मारलं त्याची शिक्षा व्हय? गाडी भरून उभी हाय. पाचच्या आत नाय निघाली तर जहाज चुकंल."

लॅबकडून सॉफ्टवेअरमध्ये माहिती आलीच नसणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कुणीतरी लॅबला फोन लावायला उठलं. माझ्यासमोर तो कोड उघडा होता. तपासणी झाली का हे पाहणाऱ्या if च्या कंसात थेट lot.residue, म्हणजे त्या मालातला औषधाचा अंश, लिहिलं होतं. जावास्क्रिप्ट, म्हणजे आमची कोडची भाषा, तिथे शून्याला 'नाही' समजते. मसाल्याच्या डब्यात जिऱ्याची वाटी आहे का, आणि त्या वाटीत जिरं किती, हे दोन वेगळे प्रश्न. आम्ही दुसरा विचारून पहिल्याचं उत्तर काढत होतो. माल अगदी स्वच्छ असला, तरच अडकणार.

हे मला दिसत होतं, पण सांगायचा धीर होत नव्हता. मी नवी होते. शिवाय शाळा इंग्रजी माध्यमाची. चारचौघांत मराठीत बोलायचं तर मी वाक्य आधी मनात जुळवते, तोवर विषय पुढे गेलेला असतो.

ताईंनी लॅबला फोन लावणाऱ्याला हाताने थांबवलं.

"काय गं? तुला काहीतरी दिसलंय."

"नाही... म्हणजे, हो."

"घे वेळ. गाडी उभीच आहे."

सगळे हसले, मीही. मग मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"माहिती आलीये, ताई. शून्य आलंय. आपण 'आहे का' ते न विचारता 'किती' ते विचारतोय."

"मग कर दुरुस्त. तूच कर."

मी तिथे Object.hasOwn लिहिलं. lot मध्ये residue हा कप्पा आहे की नाही, एवढंच ते पाहतं. आत शून्य असो की काही. ताईंनी चाचणी घेतली, बदल पॅकहाउसच्या सॉफ्टवेअरवर चढवला आणि अजून चालूच असलेला फोन माझ्यापुढे सरकवला.

"काका, आता बघा," मी म्हणाले. वाक्य जुळवायचं राहूनच गेलं.

"आलं, आलं! स्क्रीनवर हिरवं झालं! सोड रं गाडी!"

मागे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. ताई तोवर आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्याही होत्या.

आजही मीटिंगमध्ये मी गप्प असले, तर ताई पुढचा विषय घेण्याआधी माझ्याकडे बघून क्षणभर थांबतात. त्यांचे आभार मी अजून तोंडाने मानलेले नाहीत. पण त्या थांबल्या की आता मी बोलते.