मंगळवारी स्वयंपाक बाबांकडे

आमच्या घरात दिवाणाखाली गाद्या नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली, अकोल्यातल्या गल्ल्यांतून वाटली आणि उरलेली घरी आणून ठेवली. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. शाळेत बाकीच्या मुली कमळ, बदक वाचत होत्या तेव्हा मला 'समता' आणि 'शोषण' वाचता येत होतं.

या शिकवणीला जागून मी बाराव्या वर्षी घरात जाहीर केलं की मुलगी आहे म्हणून मी स्वयंपाक शिकणार नाही. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी ही गोष्ट वर्षभर मीटिंगांमधून सांगितली. मी शिकले नाही. बाबांना येतच नव्हता. उरली आई. दोन तत्त्वनिष्ठ माणसांच्या पोळ्या ती रोज कार्यालयातून आल्यावर लाटत राहिली, आणि त्यात काही चुकतंय हे आम्हा दोघांच्या ध्यानात यायला आणखी बारा वर्षं लागली. त्याचा राग मला अजून येतो. बाबांचा येतो, माझा जास्त येतो.

आई सरकारी कार्यालयात लिपिक होती. बढतीसाठी खात्याची परीक्षा पास व्हावी लागते. संधी तीनच, आणि दोनदा ती नापास झाली होती. आता शेवटची राहिली होती. ही हुकली असती तर निवृत्तीपर्यंत तेच टेबल, आणि समोर साहेब म्हणून तिनंच काम शिकवलेली पोरं. परीक्षेला दोन महिने होते. अभ्यासाला वेळ मिळेल तो फक्त संध्याकाळी सात ते नऊ, म्हणजे बरोब्बर स्वयंपाकाचा.

मग मी आठवड्याचं वेळापत्रक केलं. एका पत्रकाच्या पाठीवर सात वार, सात जेवणं, आणि प्रत्येकापुढे करणाऱ्याचं नाव. सोमवार माझा, खिचडी आणि जवसाची चटणी. मंगळवार बाबांचा, वरण-भात आणि काकडीची कोशिंबीर. बुधवारी मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकर, पुन्हा मी. आईचं नाव फक्त रविवारी. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिला. मला वाटलं, झालं काम.

पहिल्या मंगळवारी आई आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली आणि बाबा स्वयंपाकघरात गेले. हिंग कुठं आहे. वरणात पाणी किती. शिट्ट्या किती. ही मोहरी आहे की राई. मी बाहेर बसून मोजले, अकरा प्रश्न झाले. बाराव्याला आई उठून आली, कारण उत्तर देण्यापेक्षा करणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी माझा वार. मटकी करायला घेतली तर ती भिजलेली होती, मोड आलेले होते. ती कुणी भिजवली असा प्रश्नही मला पडला नाही, मी सरळ फोडणी घातली. भाकर मला थापता आली नाही. तीन मोडल्यावर आई आली. बाबांची तिसऱ्या आठवड्यात मीटिंग निघाली. वेळापत्रकावर मात्र त्यांचंच नाव होतं, आणि ते बाहेर सगळ्यांना सांगत होते की आमच्या घरी मंगळवारी मी स्वयंपाक करतो.

चौथ्या मंगळवारी संध्याकाळी सातला ते अमरावतीच्या तीन कार्यकर्त्यांना घरी घेऊन आले. आधी त्यांना फ्रिजपुढे उभं केलं. पाहुण्यांनी कागद वाचला, एकानं फोटो काढला आणि अशा घरावर आपल्या मासिकात लिहिलं पाहिजे असं म्हणाला. मग बाबा आतल्या खोलीच्या दारात गेले. आई त्या दिवशी रजेच्या नियमांचं प्रकरण संपवणार होती.

"अवं, पाहुणे जेवून जातीन. पोया टाक, अन् एखादी रस्सा भाजी."

मी म्हटलं, "बाबा, आज मंगळवार आहे. तुमचा वार आहे."

"मंग पाहुण्यांपुढं वरण-भात ठेवू काय?"

पाहुण्यांपैकी एक म्हणाले की वहिनी, आमाले काही बी चालते, आणि पाय वर घेऊन बसले. उठलं कुणीच नाही. आमच्याकडे पाहुण्याला वरण-भात वाढणं म्हणजे त्याचा अपमान, आणि हा नियम कोणत्याही पत्रकानं कधी रद्द केला नव्हता. मी बोलायला लागले. बाबांच्याच पत्रकातली वाक्यं त्यांच्याच पाहुण्यांपुढे म्हणून दाखवली, घरातल्या बाईच्या श्रमाची, फुकटच्या नोकरीची. माझा आवाज चढला होता आणि मला तो आवडत होता.

आई बाहेर आली. पुस्तक बंद होतं, पानात बोट होतं. ती बाबांशी बोललीच नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाषण झालं असन तं कणीक भिजव."

मला कणीक भिजवता येत नव्हती. पाणी जास्त झालं, हाताला चिकटली, तिनं वरून पीठ घातलं. पोळ्या तिनं लाटल्या, रस्सा तिनं केला. पाहुण्यांनी चवीचं कौतुक केलं. भांडी आवरेपर्यंत साडेनऊ झाले, आणि रजेचे नियम तसेच राहिले.

त्या रविवारी मी तो कागद काढून टाकला. वही घेऊन आईसमोर बसले आणि म्हटलं, बुधवारच्या जेवणासाठी तुझ्या डोक्यात काय काय असतं ते सांग. ती सांगत गेली. मटकी मंगळवारी सकाळी भिजवायची, रात्री फडक्यात बांधायची. विरजण लावायचं. ज्वारीचं पीठ संपत आलं तर दळण टाकायचं, पण गिरणी सोमवारी बंद आणि मंगळवारी गर्दी, म्हणजे रविवारीच. सिलिंडर हलवून पाहायचं. बाबांना रात्री वांगं चालत नाही. अर्धं पान भरलं, आणि हे एकाच बुधवारचं होतं. शेवटी ती स्वतःच वहीत डोकावली. "एवढं असते काय वं हे," म्हणाली.

माझ्या वेळापत्रकात फक्त खायचं काय ते होतं. बाकी सगळं तिच्या डोक्यातच राहिलं होतं, आणि त्या डोक्यात तिला सेवानियम भरायचे होते. हे मला कुणीतरी शिकवायला हवं होतं असं म्हणणं सोपं आहे. मी रोज ताट पुढे ओढत होते, मला दिसायला काय हरकत होती?

नव्या कागदावर चारच जेवणं होती: खिचडी, वरणफळं, फोडणीचं वरण-भात, झुणका-भात. फिरून फिरून तीच. पोळी नाही, भाकर नाही. प्रत्येक वारापुढे आदल्या दिवशी काय करायचं ते लिहिलं आणि खाली लिहिलं की पाहुणे आणणाऱ्यानं पाहुण्यांचं करायचं. डब्यांवर नावं चिकटवली. आतल्या खोलीच्या दाराशी कुणी जायचं नाही. बाबांनी एका मंगळवारी खिचडी करपवली आणि ती आम्ही खाल्ली. दोन मंगळवारी ते आलेच नाहीत. तेव्हा मी केलं, शिव्या देत केलं, पण केलं.

परीक्षा अमरावतीला झाली. आई पास झाली. बाबांनी वस्तीतल्या बुद्धविहारात पेढे वाटले आणि उभं राहून सांगितलं की हे यश समतेनं चालणाऱ्या घराचं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई दुसऱ्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसली होती. मी उठून बाहेर गेले, नाहीतर पुन्हा भाषण झालं असतं.

चार महिन्यांनी बढतीचा आदेश आला, अचलपूरला. तिथं खोली घेऊन राहावं लागणार होतं. बाबांनी आदेश दोनदा वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "मंग इथच्या जेवणाचं कसं?" नंतर हळूच म्हणाले की बढती नाकारता पण येते.

आई खुर्चीत बसली होती. आवाज न चढवता म्हणाली, "तं तुमीच लिहा अर्ज. घरच्या जेवणापाई बढती नको, असं लिहा. सही मी करीन."

हयातभर लिहीत आलेल्या माणसाला ते एक वाक्य लिहिता आलं नाही.

आता ती सोमवारी पहाटेच्या बसनं जाते आणि शुक्रवारी संध्याकाळी येते. शेजारपाजारचे मला विचारतात, बाबांच्या जेवणाचे हाल होत असतील ना. आईनं तिथं काय खाल्लं हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. मंगळवारी सात वाजता बाबा ओट्यापाशी उभे राहून तिला फोन लावतात. पाणी किती, शिट्ट्या किती. ती उचलत नाही. मी सांगू शकते, पण सांगत नाही. आठ वाजता तिचा फोन येतो, तोवर त्यांचं वरण झालेलं असतं, कधी पातळ, कधी गोळा. ते कुरकुरतात, फोन काहून नाही उचलला.

"जेवून राहिली होती," ती सांगते.