नरहर सरांची भरलेली पिशवी

नरहर सर एक दिवस वर्गातूनच पळणार, वर्ध्याला त्यांचं दुसरं घर आहे, अशी कुजबुज आष्टीभर होती. नाहीतर रोज कपड्यांनी भरलेली पिशवी शाळेत आणून खुंटीला कोण लावतं?

त्या दिवशी सर नववीला इंग्रजीचे वाक्प्रचार शिकवत होते. फळ्यावर ‘कॉट नॅपिंग’ लिहून त्यांनी पुढे अर्थ लिहिला: संकट यावं आणि आपण बेसावध सापडावं. वाक्यात उपयोग मात्र दरवर्षीसारखाच पोरांवर सोडला.

“सर, एखादं तुमचं वाक्य सांगा नं जी,” वेदश्री म्हणाली.

सरांनी फळ्यावर खडू टेकवला. तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल थरथरला. फोनवर घराशेजारच्या ज्योत्स्नाबाई ओरडत होत्या, “सर, लवकर या जी! पद्मावहिनी परत पडल्या, तोंड वाकडं झालं!”

सरांनी खुंटीवरची पिशवी ओढली आणि धावत सुटले.

“पाह्य, पळून राह्यले सर!” मागच्या बाकावरून कोणी तरी फिदफिदलं.

वर्ध्याला सरांचं दुसरं घर नव्हतं, दवाखाना होता. पिशवीत बायकोची, पद्माबाईंची, फाइल, औषधं आणि दोन लुगडी होती. अर्धांगाच्या पहिल्या झटक्याच्या वेळी फाइल शोधण्यात त्यांचा अर्धा तास गेला होता. तेव्हापासून पद्माबाईंचा डावा हात हलत नाही.